रात्रीचं मेन स्विच आणि काट्यावरची रांग : एका जिनिंगच्या डेटाबेसचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर असलेल्या जिनिंग-प्रेसिंगची, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करून गाठी बांधणाऱ्या कारखान्याची, ही गोष्ट आहे. गावाचं आणि मालकाचं नाव देत नाही, बाकी जसं झालं तसं लिहितोय. आपल्या खान्देशात पूर्वहंगामी कापूस दसऱ्याच्या आसपास यायला लागतो आणि दिवाळीनंतर तर गेटवर ट्रॅक्टर-ट्रॉली, छोटा हत्ती, आयशर यांची रांगच लागते. गाडी आली की भरलेल्या गाडीचं वजन, मग ग्रेडर ओलावा बघतो, भाव ठरतो, कापूस खाली होतो, रिकाम्या गाडीचं वजन, मग काटा पावती, मग खिडकीवर पेमेंट. हे सगळं एका सॉफ्टवेअरवर चालतं आणि त्याच्या मागे पोस्टग्रेसक्यूएलचा (थोडक्यात पोस्टग्रेस, माहिती साठवणारं सॉफ्टवेअर) डेटाबेस.

सर्व्हर म्हणजे ऑफिसातला एक साधा विंडोजचा पीसी, 4 जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क. काट्याच्या केबिनमध्ये दुसरा पीसी, त्याला वजनकाट्याचा इंडिकेटर जोडलेला, आणि बाहेर शेतकऱ्याला दिसेल असा लाल आकड्यांचा मोठा डिस्प्ले बोर्ड. सॉफ्टवेअर एका छोट्या कंपनीने बनवून दिलेलं, वाईट अजिबात नाही, पहिले दोन सीझन कोणाची तक्रारच नव्हती. तिसऱ्या सीझनला रडारड सुरू झाली आणि मुनीमजींनी मला फोन केला.

त्रास काय होता

मुनीमजींच्या भाषेत "कॉम्प्युटर स्लो झाला". पण नुसतं स्लो म्हणून काही हाती लागत नाही म्हणून मी काटेवाल्याजवळ केबिनमध्ये बसून पाहिलं. पावती बनवताना दोन जागी अडत होतं. पहिली जागा, शेतकऱ्याचं नाव शोधणं. तो "पाटील" टाईप करून एंटर मारायचा आणि स्क्रीन दहा-पंधरा सेकंद पांढरी. दुसरी जागा, "वजन घ्या" हे बटण. सकाळी ते लगेच चालायचं, दुपारी जेवणानंतर रेंगाळायचं आणि दिवेलागणीला तर बटण दाबून काटेवाला चहाचा घोट घेऊन यायचा तरी आकडा आलेला नसायचा. एका गाडीला दोन वेळा वजन, म्हणजे हा ताप दोनदा.

बाहेर काय चाललं होतं तेही सांगायला पाहिजे. सातपुड्याच्या पायथ्याकडून भल्या पहाटे निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत ट्रॉलीवर बसून. एक आजोबा केबिनच्या खिडकीत डोकावून म्हणाले, "सक्कायपासून गाडी उभी शे, तुमना कॉम्प्युटर झोपी गया का भाऊ?" भाड्याची गाडी असेल तर रात्र झाली की भाडं वाढतं, ते शेतकऱ्याच्याच खिशातून जातं. म्हणून हे प्रकरण मला नुसतं टेक्निकल वाटलं नाही.

दोन गोष्टी मी लिहून ठेवल्या. नाव शोधणं सकाळी-संध्याकाळी सारखंच स्लो, पण सीझन जसा पुढे सरकतोय तसं रोज थोडं जास्त. वजन घेणं मात्र रोज सकाळी ताजंतवानं आणि संध्याकाळी बेजार. दोघांची चाल वेगळी म्हणजे कारणंही वेगळी असणार असं तिथेच वाटलं आणि पुढे ते खरं निघालं.

आत काय दिसलं

थोडं पोस्टग्रेसच्या स्वभावाबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. पोस्टग्रेस एखादी ओळ बदलतो तेव्हा जुनी ओळ खोडत नाही, तिची नवी प्रत लिहितो आणि जुनी तिथेच पडून राहते, कारण त्या क्षणी दुसरा कोणी ती वाचत असू शकतो. मुनीमजींना मी सांगितलं की तुमच्या लाल वहीत तुम्ही खाडाखोड न करता जुन्या ओळीवर रेघ मारून खाली नवी ओळ लिहिता, तसंच. त्यांना लगेच पटलं आणि त्यांनीच विचारलं, "मग रेघ मारलेल्या ओळींनी वही भरून जात असेल की?" हो, भरते. त्या मेलेल्या ओळींची जागा मोकळी करायचं काम व्हॅक्यूम करतो, आणि तो आपोआप चालावा म्हणून ऑटोव्हॅक्यूम आहे, तो डिफॉल्टला चालूच असतो. दर मिनिटाला उठून बघतो, कोणत्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, 50 अधिक एकूण ओळींच्या 20 टक्के एवढ्या मेलेल्या ओळी जमल्या, तिथे साफसफाई करतो. ओळींच्या 10 टक्के अधिक 50 एवढे बदल झाले की अ‍ॅनालाइझ करतो, म्हणजे टेबलात काय आणि किती आहे याचा अंदाज ताजा करतो, ज्यावरून प्लॅनर (पोस्टग्रेसचा वाट शोधणारा भाग) क्वेरीचा, म्हणजे मागितलेली माहिती शोधायचा, रस्ता ठरवतो.

आता शेतकऱ्यांच्या खात्यांच्या टेबलाची साइझ बघितली. पंचवीस-तीस हजार खाती, एका ओळीत फारसं काही नाही, हा टेबल पाच-सहा एमबीचा असायला हवा. निघाला एक जीबीच्या वर. नाव शोधताना सॉफ्टवेअर नावाच्या मधला तुकडाही शोधतं, तिथे साधा इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) उपयोगाचा नाही, पूर्ण टेबल वाचावा लागतो, आणि एवढा टेबल त्या जुन्या डिस्कवरून वाचायचा म्हणजे दहा-पंधरा सेकंद जाणारच.

मग प्रश्न असा की ऑटोव्हॅक्यूम चालू असताना हे झालंच कसं. स्टॅटिस्टिक्स, म्हणजे पोस्टग्रेस स्वतःच्या कामाची ठेवतो ती मोजदाद, बघितले तर शेवटचा ऑटोव्हॅक्यूम कधी, रिकामं. शेवटचा ऑटोअ‍ॅनालाइझ कधी, रिकामं. मेलेल्या ओळी किती, तर फक्त काही शे. एक जीबीचा टेबल आणि मेलेल्या ओळी काही शे, हे जुळत नाही. मग तो आकडा कधीपासूनचा आहे ते बघितलं, डेटाबेसच्या स्टॅटिस्टिक्समध्ये रिसेटची वेळ असते, तर तिथे आजचीच सकाळ. लॉग उघडला. रोज सकाळी तीच ओळ, डेटाबेस नीट बंद केला गेला नव्हता, रिकव्हरी चालू आहे. रोज म्हणजे अगदी रोज, मागे स्क्रोल करत गेलो तरी संपेना.

मुनीमजींना विचारलं रात्री कॉम्प्युटर कसा बंद करता. ते म्हणाले, आम्ही कुठे बंद करतो, वॉचमन बाबा मेन स्विच पाडतात.

इथे सगळं उलगडलं. पोस्टग्रेसचा डेटा वीज गेल्याने सहसा खराब होत नाही, राइट अहेड लॉगमधून, म्हणजे प्रत्येक बदल आधी जिथे टिपला जातो तिथून, तो सकाळी स्वतःला सावरून घेतो, त्यामुळे इतके दिवस कोणाला काही कळलंच नाही. पण असा अचानक बंद पडला की रिकव्हरीच्या वेळी तो आपल्या हालचालींचे सगळे काउंटर शून्य करतो. कोणत्या टेबलात किती ओळी मेल्या, किती बदलल्या, सगळं विसरतो. आणि ऑटोव्हॅक्यूम तर त्याच काउंटरवर चालतो! खात्यांच्या टेबलात दिवसभरात काही शे बदल होतात, 20 टक्क्यांचा उंबरठा सहा हजारांच्या आसपास, दिवसा तो ओलांडला जात नाही. मग ओलांडला कधी जातो? रात्री. दिवसाचं शेवटचं काम म्हणून मुनीमजी "हिशेब बंद" चालवत, आणि तो प्रोग्रॅम प्रत्येक खात्याची बाकी नव्याने लिहायचा, बदलली असो वा नसो. म्हणजे एका फटक्यात सगळ्या ओळी मेल्या, सगळ्यांच्या नव्या प्रती. हिशेब झाला की मुनीमजी उठणार, बाबा स्विच पाडणार. ऑटोव्हॅक्यूमला उठायला एक मिनिट लागतं, त्याला ते मिनिटही मिळत नव्हतं, आणि सुरू झालाच तर अर्ध्यात मरत होता. सकाळी काउंटर शून्य. दोन सीझन हे असंच.

त्यात भर म्हणजे कोणीतरी खात्यातल्या "बाकी" या कॉलमवर इंडेक्स टाकलेला होता, उधारीची यादी पटकन यावी म्हणून. पोस्टग्रेसमध्ये बदललेला कॉलम इंडेक्समध्ये नसेल आणि त्याच पानावर (टेबल डिस्कवर पानापानांनी साठवलेला असतो) जागा असेल तर अपडेट स्वस्तात होतो आणि ते पान नंतर वाचताना जुन्या प्रती जागच्या जागी आवरल्याही जातात, व्हॅक्यूमची वाट बघावी लागत नाही. बाकीवर इंडेक्स असल्याने ज्या खात्यांची बाकी खरंच बदलायची त्यांना ती सोय मिळत नव्हती.

पावत्यांचा टेबल फारसा फुगलेला नव्हता, पण त्याचा अ‍ॅनालाइझ झालेला नव्हता म्हणून प्लॅनरला चालू सीझनच्या तारखा माहीतच नव्हत्या. आजच्या पावत्या मागितल्या की तो समजायचा एखादीच ओळ असेल, आणि त्या हिशोबाने असा रस्ता पकडायचा जो एका ओळीला ठीक पण शेकडो ओळींना जीवघेणा. दिवसाचा गोषवारा मिनिटं-मिनिटं खात होता तो यामुळे.

संध्याकाळचा त्रास

वजनाचं कारण वेगळं. "चालू वजन" नावाचा टेबल, त्यात फक्त दोन ओळी, मोठा काटा आणि छोटा काटा. इंडिकेटर सेकंदाला कित्येकदा आकडा फेकतो आणि सॉफ्टवेअर प्रत्येक आकडा त्या ओळीवर लिहितं. दिवसभरात लाखांच्या घरात प्रती. एवढ्या छोट्या टेबलाला ऑटोव्हॅक्यूम दर मिनिटाला धावून येतो, काउंटरची अडचण इथे नाहीच. मग संध्याकाळी मी हातानेच व्हॅक्यूम व्हर्बोस (काय केलं ते सविस्तर सांगणारा व्हॅक्यूम) चालवला आणि त्याने स्पष्ट सांगितलं की लाखो मेलेल्या ओळी आहेत पण त्या अजून काढता येत नाहीत.

काढता येत नाहीत म्हणजे कोणीतरी जुना ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसमधलं सुरू केलेलं एक काम, उघडा ठेवून बसलंय. चालू कनेक्शनची यादी काढली, एक कनेक्शन "आयडल इन ट्रान्झॅक्शन" (काम उघडं ठेवून नुसतं बसलेलं), सुरुवात सकाळी काटा उघडला ती वेळ. तो निघाला डिस्प्ले बोर्डचा प्रोग्रॅम. सकाळी सुरू झाला की "काटा चालू" अशी एक नोंद टाकायचा, कमिट (काम पक्कं करून संपवणं) करायचा नाही, आणि मग दिवसभर नुसतं वजन वाचून बोर्डवर दाखवायचा. नुसतं वाचणारा ट्रान्झॅक्शन डिफॉल्ट आयसोलेशनला (एकाचं काम दुसऱ्यापासून वेगळं ठेवायची नेहमीची पातळी) दोन क्वेरींच्या मध्ये शांत बसला तर साफसफाई अडवत नाही, पण याने एक नोंद लिहिली होती, त्याला ट्रान्झॅक्शन नंबर मिळाला होता, आणि तो नंबर जिवंत आहे तोवर त्याच्यानंतर मेलेली एकही ओळ व्हॅक्यूम हलवू शकत नाही. म्हणून सकाळी फास्ट. रात्री स्विच पडला की तो ट्रान्झॅक्शनही मेला, सकाळी ऑटोव्हॅक्यूमने कालचा कचरा उचलला, आणि पुन्हा नव्याने जमायला सुरुवात.

कोणते पर्याय समोर होते

शेठचं म्हणणं नवा सर्व्हर घेऊन टाकू, कोटेशनही मागवलेलं. जास्त रॅम आणि एसएसडी आली असती तर एक जीबीचा टेबल चुटकीसरशी वाचला गेला असता हे खरं, आणि मी त्यांना ते लपवलं नाही. पण टेबल फुगत राहिला असता, आणि संध्याकाळचा त्रास तर तसाच राहिला असता कारण तिथे डिस्क नाही, प्रोसेसर घासत होता.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या सपोर्टने सांगितलं जुना सीझन डिलीट करा. हे मला अजिबात पटलं नाही. एकतर जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावेच लागतात. दुसरं, डिलीट केल्याने पोस्टग्रेसची फाईल लहान होत नाही, त्या ओळी मेलेल्या म्हणून तिथेच पडून राहतात, म्हणजे कचऱ्यात कचरा. आणि खात्यांच्या टेबलात जुना डेटा जास्त नव्हताच, मेलेल्या प्रती जास्त होत्या.

कोणीतरी असंही सुचवलेलं की ऑटोव्हॅक्यूम मशीन स्लो करतो, तोच बंद करा. हा सल्ला सारखा ऐकू येतो आणि दरवेळी मला राग येतो. तो बंद केला तरी ट्रान्झॅक्शनचे नंबर मर्यादित असल्याने तेच नंबर फिरून येण्याच्या धोक्यामुळे पोस्टग्रेस शेवटी जबरदस्तीने व्हॅक्यूम करतोच, आणि तेव्हा तो ऐन सीझनात येऊन बसू शकतो.

व्हॅक्यूम फुल हा चौथा पर्याय. तो टेबलाची नवी आटोपशीर प्रत बनवतो, फाईल खरंच लहान होते. पण चालू असेपर्यंत टेबलाला पूर्ण कुलूप, वाचणं पण बंद, आणि नवी प्रत मावेल एवढी मोकळी डिस्क लागते. दुपारी चालवला असता तर गेटवर दंगा झाला असता.

खरा अडलेला निर्णय वेगळाच होता. मी म्हटलं रात्रभर सर्व्हर चालू ठेवा म्हणजे ऑटोव्हॅक्यूम आपलं काम करेल. शेठ सरळ नाही म्हणाले, आणि त्यांचं कारण ऐकल्यावर मी पुन्हा तो विषय काढला नाही. जिनिंगमध्ये रुई सगळीकडे उडते, वायरिंगवर, पंख्यावर, बोर्डावर थर बसतो, एक ठिणगी पुरते. शॉर्टसर्किटने गंजीच्या गंजी कापूस जळाल्याच्या बातम्या आपल्याकडे दर सीझनला येतात. रात्री मेन स्विच पाडणं हा त्या माणसाने घालून घेतलेला नियम होता आणि तो बरोबर आहे. डेटाबेसने या नियमात बसायचं, नियमाने डेटाबेसपुढे वाकायचं नाही. ऑटोव्हॅक्यूमचे डिफॉल्ट हे चोवीस तास चालणारं मशीन डोळ्यापुढे ठेवून बनवलेत, इथलं मशीन रोज रात्री झोपणारं आहे, तर मग झोपायच्या आधीच त्याची साफसफाई उरकायची.

काय केलं

सगळ्यात आधी बॅकअप. पूर्ण डंप काढला, वेगळ्या डिस्कवर टाकला आणि माझ्या लॅपटॉपवर रिस्टोर करून उघडतोय का ते पाहिलं. न उघडून पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

मग दिवस संपवायची पद्धत बदलली. डेस्कटॉपवर "दिवस बंद" नावाची एक फाईल ठेवली. डबल क्लिक केलं की आधी हिशेब बंद चालतो, मग ठरलेल्या टेबलांवर व्हॅक्यूम अ‍ॅनालाइझ, मग बॅकअप, मग पोस्टग्रेसची सर्व्हिस नीट थांबते आणि शेवटी विंडोज शटडाऊन. नीट बंद झाल्यावर पोस्टग्रेस काउंटर डिस्कवर लिहून ठेवतो, सकाळी ते जसेच्या तसे मिळतात. आणि वॉचमन बाबांना एवढंच सांगितलं की ऑफिसची किल्ली मुनीमजींनी हातात दिल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. दिवसा लाईट गेली तर यूपीएस असून नसल्यासारखा होता, बॅटरी फुगलेली, आपल्या उन्हाळ्यात ती टिकत नाहीच. ती बदलली.

खात्यांच्या टेबलावर व्हॅक्यूम फुल करायचं ठरलं, पण फक्त त्याच टेबलावर, कारण त्यात जवळपास सगळी जागा पोकळ होती, आणि डिस्कवर जागा भरपूर. काटा बंद झाल्यावर रात्री केला. शेठने त्या रात्री भरीत-पुरी मागवली होती, ती संपायच्या आत टेबल पाच-सहा एमबीवर आलेला होता. पावत्यांच्या टेबलाला व्हॅक्यूम फुलची गरजच नव्हती, नुसता अ‍ॅनालाइझ केला.

हिशेब बंदच्या अपडेटला एक अट घालून घेतली, बाकी खरंच बदलली असेल तरच लिहायचं. सॉफ्टवेअरवाल्या मुलाने तिथल्या तिथे करून दिलं. यामुळे रोज रात्री सगळ्या खात्यांऐवजी फक्त त्या दिवशी माल आणलेल्या किंवा पेमेंट घेतलेल्या खात्यांना हात लागतो.

बाकीवरचा इंडेक्स काढायचा की ठेवायचा यावर मी घाई केली नाही. इंडेक्स किती वेळा वापरला गेला हे पोस्टग्रेस सांगतो, पण तो आकडाही त्याच काउंटरमधला, रोज शून्य होणारा, त्यामुळे आत्तापर्यंतच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. नीट शटडाऊन सुरू झाल्यावर काही आठवडे जाऊ दिले, त्यात एक महिनाअखेरही येऊ दिली कारण उधारीची यादी तेव्हाच काढतात. त्या यादीलाही इंडेक्स वापरला गेला नाही, कारण टेबल आता इतका छोटा झाला होता की पोस्टग्रेस तो सरळ पूर्ण वाचत होता. मग काढला.

डिस्प्ले बोर्डचा तिढा

इथे एक सोपा उपाय हाताशी होता आणि तो मी टाळला, त्याचं कारण सांगतो. पोस्टग्रेसमध्ये उघडा पडलेला ट्रान्झॅक्शन ठरावीक वेळाने आपोआप तोडायची सेटिंग आहे. ती लावून दुपारी जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या काट्यावर ट्राय केलं. कनेक्शन तुटलं, साफसफाई झाली, सगळं फास्ट. पण डिस्प्लेचा प्रोग्रॅम परत जोडला गेला नाही आणि बोर्डवर शेवटचा आकडा तसाच गोठून राहिला.

शेतकरी बोर्डकडे बघत असतो. तेवढाच त्याचा पुरावा, पावतीवरचा आकडा आणि बोर्डवरचा आकडा जुळला पाहिजे. मागच्या गाडीचं वजन पुढच्या गाडीला दिसलं तर तो काय समजेल? काटा मारला असंच समजेल, आणि त्याला चूक कोण म्हणणार. पावती थोडी उशिरा मिळालेली चालेल पण बोर्डवर खोटा आकडा नको, असं मी मुनीमजींना सांगितलं आणि सेटिंग काढून टाकली. सॉफ्टवेअरवाल्यांकडून दुरुस्ती येईपर्यंत काटेवाल्याने दुपारी आणि चहाच्या वेळी, काट्यावर गाडी नसताना, डिस्प्लेचा प्रोग्रॅम बंद करून चालू करायचा एवढं ठरवलं. हाताचं काम होतं, पण तेवढ्याने संध्याकाळचा त्रास बराच उतरला.

दुरुस्ती आली तेव्हा त्यात तीन गोष्टी होत्या. सकाळची ती नोंद लगेच कमिट. कनेक्शन तुटलं तर बोर्डवर आकड्याऐवजी रेघा आणि परत जोडायचा प्रयत्न. आणि तिसरी, जी मला सगळ्यात मोलाची वाटते, इंडिकेटरचा प्रत्येक आकडा डेटाबेसमध्ये न लिहिता वजन स्थिर झालं की एकदाच लिहायचं, हलता आकडा बोर्डला थेट जातो. त्यानंतर ती वेळेची सेटिंग परत लावली, फक्त डिस्प्लेच्या युजरला, 5 मिनिटांची, राखण म्हणून.

शिवाय पावत्यांच्या टेबलासाठी ऑटोव्हॅक्यूमचा उंबरठा 20 टक्क्यांवरून 2 टक्के आणि अ‍ॅनालाइझचा 1 टक्का केला. टेबल मोठा होत जातो तशी 20 टक्के ही रक्कमही मोठी होत जाते, आणि मग साफसफाई क्वचित आणि भली मोठी होते, त्यापेक्षा थोडी थोडी आणि वारंवार झालेली बरी. ऑटोव्हॅक्यूमची प्रत्येक फेरी लॉगमध्ये पडेल अशी सेटिंगही केली, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला माझ्यासारखं तर्क करत बसावं लागणार नाही.

काय झालं

नाव शोधणं एंटर मारेपर्यंत यायला लागलं. वजन घेणं सकाळ आणि संध्याकाळ सारखंच झालं, काटेवाल्याला यातच सगळं आलं. गोषवारा काही सेकंदात निघतो. रांग पूर्ण संपली असं मी म्हणणार नाही, सोमवारी आणि भाव वाढला की रांग लागतेच, पण आता ती कापूस खाली करायला लागणाऱ्या वेळेमुळे लागते, कॉम्प्युटरमुळे नाही. सर्व्हरचं कोटेशन शेठने बाजूला ठेवलं, एसएसडी मात्र घेतली, आणि ते चांगलंच केलं कारण ती जुनी डिस्क आवाज करायला लागली होती.

एक गोष्ट सुटली नाही. गठाणींचा वर्षाचा ताळा, म्हणजे किती क्विंटल कापसातून किती रुई, किती सरकी, 170 किलोच्या किती गाठी, हा रिपोर्ट अजूनही रेंगाळतो. त्याचं कारण मेंटेनन्स नाही, ती क्वेरीच प्रत्येक गाठीसाठी पावत्यांचा टेबल पुन्हा पुन्हा चाळते, ती नव्याने लिहावी लागेल. व्हॅक्यूमने ती सुधारेल अशी आशा मी मुनीमजींना दिली नाही.

"दिवस बंद" ला एकदा अडचण आली. लग्नाच्या दिवसात मुनीमजी लवकर गेले आणि बदली आलेल्या मुलाला फाईल माहीत नव्हती, त्याने मशीन तसंच सोडलं, किल्ली बाबांना दिली आणि स्विच पडला. सकाळी लॉगमध्ये तीच जुनी ओळ. नुकसान काही झालं नाही, फक्त हाताने एकदा अ‍ॅनालाइझ चालवला. त्यानंतर बाबांना अजून एक खूण दिली, किल्ली मिळाली तरी ऑफिसच्या खिडकीतून सीपीयूचा निळा दिवा दिसत असेल तर मुनीमजींना फोन करायचा. ते तो फोन इमानदारीने करतात.

वेगळं काय करता आलं असतं

पुन्हा असं काम आलं तर क्रम बदलायला आवडेल. आधी चार दिवस फक्त नीट शटडाऊन सुरू करायचं, दुसरं काही न करता, आणि मग आकडे बघायचे. काउंटर रोज शून्य होत असताना कोणता टेबल किती गरम आहे म्हणजे किती वापरला जातो, कोणता इंडेक्स फुकट आहे हे नक्की कळत नाही, आणि इथे बरंच काही साइझ आणि लॉगवरून ताडावं लागलं. पण तेव्हा सीझन ऐन भरात होता, चार दिवस थांबा असं रांगेतल्या माणसाला कोण सांगणार, म्हणून खात्यांच्या टेबलाचं काम आधी केलं आणि त्या परिस्थितीत ते योग्यच होतं.

व्हॅक्यूम फुलबद्दल मुनीमजींचा आग्रह होता की तोही "दिवस बंद" मध्ये रोजचा टाकू, एवढा गुण आला तर रोज का नको. त्यांना नाही सांगितलं. रोजच्या साध्या व्हॅक्यूमने मोकळी झालेली जागा टेबल स्वतःच परत वापरतो, ती विंडोजला परत देऊन उद्या पुन्हा मागायची ही उगाचची मेहनत. पुन्हा कधी टेबल फुगलाच तर आधी तो का फुगला हे शोधायचं आणि मगच फुल करायचा.

सॉफ्टवेअर बसवतानाच विक्रेत्याने रात्री मशीन कसं बंद होतं हे विचारलं असतं तर यातलं निम्मं टळलं असतं. आता त्यांच्या इन्स्टॉलेशनच्या कागदात हा प्रश्न आलाय, आणि सोबत हेही, की हंगाम संपल्यावर जिनिंग काही महिने बंद असते, तर दसऱ्याआधी पहिल्यांदा मशीन चालू केल्यावर काटा उघडायच्या आधी पूर्ण डेटाबेसवर एकदा व्हॅक्यूम अ‍ॅनालाइझ चालवायचा आणि यूपीएसची बॅटरी लोड टाकून तपासायची. या वर्षी मुनीमजींनी ते घटस्थापनेलाच उरकलं.